कबाडातला पाटा आणि पन्नास फुटांचं अंगण

खारपाण | 11 मे, रात्री 9.40

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता वाचक होतो. आज धागा काढतोय, कारण पाठ दुखतेय आणि झोप लागत नाही.

दर्यापूर तालुक्यातलं गाव. घरापुढं 50 बाय 40 फुटांचं अंगण आहे, म्हणजे नावाला अंगण. एका बाजूला बैलांचा कोठा, मधोमध कडुनिंब, समोर रस्ता आणि रस्त्याला लागून नाली. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, बैलांचे खूर, मागच्या साली पाईपलाइन टाकताना खोदलेला पाट, सगळं जिथल्या तिथं. पाऊस पडला की निंबाखाली तळं आणि ओट्याच्या पायरीला पाणी. सोयाबीन वाळू घातलं तर ताडपत्रीच्या मध्यावर डबकं होतं आणि दाणे तिथंच फुगतात.

आमची माती पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: उन्हाळ्यात भेगेत हात कोपरापर्यंत जातो आणि पावसाळ्यात चप्पल मातीतच राहून पाय वर येतो. पाणी खाली मुरतच नाही.

तर मिरगाआधी ओढायचा पाटा करून अंगण सपाट करायचं ठरवलं. जुना लोखंडी पलंग पडून होता. त्याचा 6 बाय 3 फुटांचा अँगलचा सांगाडा घेतला, रुंद बाजू पुढं केली. खाली पातं म्हणून ट्रॉलीच्या कमानीचं (स्प्रिंगचं) जुनं पान वेल्ड केलं. वर मुरमाची दोन पोती ठेवली, तीन फुटांची साखळी लावून भावाच्या ट्रॅक्टरला जोडलं.

दोन तास फिरवलं. खड्डे होते तिथंच आहेत, उंचवटे घासून गुळगुळीत झाले आणि वर सगळ्या अंगणभर लाटा उठल्या, पत्र्यासारख्या. शेवटच्या फेरीत पान टाक्यापासून कट्कन तुटलं. आई ओट्यावरून म्हणाली, "नांगरलं बरं दिसते आता."

काय चुकलं?

मेहकर ते पुणे | 11 मे, रात्री 10.15

प्रामाणिक प्रश्न, राग मानू नका. तासाभरासाठी जेसीबी का नाही बोलावत? एवढ्या जागेला तास पुरे.

खारपाण | 11 मे, रात्री 10.31

बोलावला होता दादा, दोन वर्षांपूर्वी. चालकाने बकेटनं पायाखालचा घट्ट झालेला थर खरवडून काढला आणि खालची काळी वर आणली. वर्षानुवर्षं तुडवून बसलेली पृष्ठभागाची माती अर्ध्या तासात गेली. निंबाच्या दोन मुळ्याही तोडल्या. आजचा चिखल ही त्याचीच देणगी आहे. शिवाय येण्या-जाण्याचं डिझेल वेगळं.

धुऱ्यावरचा बाभूळ | 12 मे, पहाटे 5.20

भाऊ, तुह्या पलंगाचं काई चुकलं नाई, तू त्याले आडवा जुंपला हे चुकलं.

आमच्या घरी लाकडाचा पाटा होता. तिकडं पश्चिमेकडं त्याले मैंद म्हणते. आमचा तिवसाचा होता, नऊ फूट. वखरणी झाली का ढेकळं फोडाले वावरात तो फिरे, गडी वर उभा राहे. ढेकळं फोडाले आडवी फळी चालते. पण खड्डा भरणं येगळं अन् ढेकूळ फोडणं येगळं. तीन फुटाची वस्तू चार फुटाच्या खड्ड्यात शिरली का ती खड्ड्यातच उतरीन अन् पलीकडून वर चढीन. तिले काय मालूम इथं खड्डा हाये म्हणून? तुह्यं हत्यार खड्ड्याहून लांब पायजे. दोन टोकं दोन उंचवट्यावर टेकले पायजेत, मंग मधातलं पातं हवेत राह्यते अन् समोरची माती आणून तिथं टाकते.

आठ फुटाच्या खाली काई करू नको. अन् ट्रॅक्टर सोड. बैल घे. लाटा उठल्या ना त्या वेगानं उठल्या. पातं एकडाव उसळलं का पडते, पडलं का खोल जाते, मंग पुन्हा उसळते. बैलाच्या चालीत ते होत नाई.

मेहकर ते पुणे | 12 मे, सकाळी 8.02

काका, लाटांचं कारण आज कळलं. मुरमाच्या रस्त्यावर गाडी खडखडते तेही हेच असणार.

ओळंबा | 12 मे, सकाळी 8.45

(जलसंधारणाच्या कामांवर नोकरी केली, आता निवृत्त. मुक्काम अमरावती.)

हत्यार नंतर. आधी सांगा, पाणी कुठे न्यायचंय? लोक 'लेव्हल' म्हणतात आणि खरोखरच सपाट करतात. सपाट अंगण म्हणजे उथळ तलाव. तुम्हाला एकसारखा उतार हवाय.

लेव्हल पाईप करा. गवंड्याकडे असतो तो पारदर्शक नळीचा, 60 फूट घ्या. पाणी भरताना एका टोकाने सावकाश भरा, मध्ये बुडबुडा राहिला तर सगळं माप खोटं. पाण्यात चिमूटभर नीळ टाका म्हणजे रेषा उन्हात दिसते. एक टोक ओट्याच्या खांबाला बांधून ठेवा, दुसरं टोक हातात घेऊन फिरा. दर दहा फुटांवर खुंटी ठोका आणि पाण्याच्या रेषेपासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजून वहीत लिहा. अंतर जितकं जास्त, तितकी जमीन खोल.

उताराचा हिशोब असा. घरालगतच्या पहिल्या 10 फुटांत 5 इंच तरी पडू द्या. पायाशी पाणी थांबलं की काळी माती फुगते, उन्हाळ्यात आटते, आणि दरवर्षीच्या या फुगण्या-आटण्याने भिंतीला चिरा जातात. पुढे 80 फुटांना 1 फूट एवढा उतार चालेल, म्हणजे उरलेल्या 40 फुटांत 6 इंच. एकूण 11. यापेक्षा फार जास्त नको, नाहीतर पहिल्याच जोराच्या सरीत वरचा थर वाहून नालीत जाईल.

मापं टाका, मग बोलू.

खारपाण | 13 मे, सायंकाळी 7.10

मोजलं. नळी पाण्याच्या मोटारीच्या दुकानातून आणली, नीळ घरची.

ओट्यापासून नालीच्या काठापर्यंत उतार फक्त 2 इंच. आणि निंबाजवळ जमीन ओट्यालगतच्या जमिनीपेक्षा 5 इंच खाली. म्हणजे निंबाकडून नालीकडे चढ आहे, पूर्ण 3 इंचांचा!

हा चढ कुठून आला म्हणून काठावर कुदळ मारली. खाली काळा गाळ, प्लॅस्टिक, पुन्हा गाळ. दर उन्हाळ्यात नाली उपसतात तेव्हा निघालेला गाळ उचलून नेत कोणी नाही, काठावर आमच्या बाजूला टाकतात. इतक्या वर्षांत तो बांध झाला. नालीची मूळ चिरेबंदी काठाच्या 4 इंच खाली सापडली. आम्ही आजवर पाण्याला शिव्या देत होतो, आणि पाण्याला बाहेर जायची वाटच नव्हती.

ओळंबा | 13 मे, रात्री 8.00

बघा. काठाकडे 4 इंच खोदायचे, ओट्याकडे 5 इंच भरायचे, मूळचे 2 आहेतच. 4 आणि 5 आणि 2, झाले 11. जुळून आलं तुमचं.

तो गाळ भरावाला वापरू नका, कुजका आहे. शेणखताच्या उकिरड्यावर टाका, आधी प्लॅस्टिक वेचून.

ठिणगी | 13 मे, रात्री 10.50

आर्वीकडचा आहे, वेल्डिंगचं छोटं दुकान. पान का तुटलं ते सांगतो.

कमानीचं पोलाद जास्त कार्बनचं. थंड पानावर सरळ टाका मारला की टाक्याच्या शेजारची पट्टी झटकन गार होते आणि काचेसारखी ठिसूळ होते. पहिल्या धक्क्याला तिथूनच जाते. दिसायला टाका एकदम सुंदर असतो, त्यात दोष नसतो, शेजार मरतो. एक तर वेल्ड करायच्या आधी पान भरपूर तापवा आणि नंतर राखेत पुरून सावकाश निवू द्या, नाहीतर वेल्ड करूच नका, बोल्टने आवळा. मी तुम्हाला बोल्टच सांगीन. पातं झिजतं, दोन वर्षांनी बदलावं लागेल.

पण भोक पडणार नाही त्याला, ड्रिलचं टोक नुसतं फिरत बसेल. लोहाराच्या भात्यात लालबुंद करायचं, रात्रभर राखेत ठेवायचं, सकाळी भोकं पाडायची. तेवढ्यात त्याच्याकडूनच घणाने सरळ करून घ्या. कमानीचं पान वाकडं असतं हे तुम्ही विसरलात! वाकड्या पात्याने मधली माती खोल कापली आणि कडा हवेत होत्या, की उलट?

खारपाण | 13 मे, रात्री 11.04

मधलीच. फोटोत दिसतंय आता, प्रत्येक फेरीच्या मधोमध पन्हाळ पडलीय. 🙏

धुऱ्यावरचा बाभूळ | 14 मे, पहाटे 5.05

कायले भाता अन् कायले घण. घरात जुन्या वखराच्या झिजलेल्या पासा, म्हंजे लोखंडी पाती, असतीनच. पास सरळच असते. अठरा इंचाच्या दोन लाव, एकामागं एक, तीन फूट झाले. टोकं तेवढे कापून घे.

ठिणगी | 14 मे, सकाळी 9.30

काकांचं बरोबर. मी आपला दुकानदार, मला काम दिसतं. 😄

पण कबाडीकडे जाल तेव्हा चार गोष्टी.

पांढऱ्या जस्ताचा पाईप (बोअरचा, पाण्याचा) वेल्ड करायचा असेल तर जिथे टाका येणार तिथलं जस्त आधी घासून काढा. जस्त जळलं की पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला तर रात्री हुडहुडी भरून ताप येतो. माझा पोऱ्या एकदा दोन दिवस झोपून होता, आम्हाला वाटलं मलेरिया.

बंद ड्रम कापू नका. ज्यात डिझेल, थिनर, ऑइल होतं त्यात आत वाफ शिल्लक असते, ग्राइंडरची ठिणगी पुरते. 'रिकामा आहे, वास येत नाही' असं म्हणून कापणारा माझ्यासमोर वाचलाय, झाकण वीस फूट उडालं. आणि फवारणीच्या औषधाचा ड्रम तर घरीच आणू नका, फुकट दिला तरी.

रुळाचा तुकडा कोणी देतो म्हणाला तर हात जोडा. वजनाला रूळ उत्तम असतो हे खरं, पण रेल्वेचं लोखंड बाळगणं हाच गुन्हा आहे, त्याला 1966 चा स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे शकुंतला रेल्वेची जुनी लाइन झुडपात पडलीय म्हणून बऱ्याच जणांना मोह होतो.

चौथी गोष्ट म्हणजे वजन काट्यावर समोर उभं राहून करा.

उंबरठा | 14 मे, दुपारी 2.40

कारंज्याहून. सगळं वाचलं. औषधाच्या ड्रमाबद्दल लिहिलंत ते फार बरं केलं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, त्यानंतरही आमच्या आळीत त्या डब्यांत पाणी भरून ठेवणारे आहेत. सांगून सांगून थकले.

आता माझं म्हणणं. पाच पुरुषांनी अंगण मोजलं, आणि न्हाणीचं पाणी कुठं जातं हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. पावसाचं पाणी चार महिने, न्हाणीचं आणि भांड्यांचं बाराही महिने. आमच्याकडं असंच मोठ्या हौसेनं अंगण केलं, आणि मोरीचं पाणी सारवलेल्या जागेतून आडवं जायला लागलं. दोन सणांत सारवण उखडलं. त्या पाण्याला आधी वेगळी वाट द्या, केळी लावा किंवा शोषखड्डा करा, मग वरचं काम.

दुसरं म्हणजे नळी, नीळ, वही ठीकच आहे. पण काम झालं असं वाटलं की ओट्यावरून एक घागर पाणी ओता आणि चालत जा त्याच्याबरोबर. जिथं थांबेल तिथं चुन्यानं गोल काढा. आम्ही बायका हेच करतो, पाटा बिटा नसताना.

आणि वरच्या थराला मुरूमच पाहिजे असं कोणी सांगितलं? गावात पडक्या मातीच्या घराच्या भिंती असतील. ती पांढरी माती काळीसारखी भेगाळत नाही, सारवण धरून ठेवते. माझ्या सासूबाई पडक्या भिंतीची माती चाळून अंगणाला घालायच्या, कुटार (भुसा) आणि शेणाबरोबर.

खारपाण | 14 मे, दुपारी 3.15

वहिनी, न्हाणीचं खरंच डोक्यात नव्हतं. आईला वाचून दाखवलं, तिनं ताट बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या.

आणि घरामागे आजोबांच्या वेळचं पडकं घर आहेच! एक भिंत अर्धी उभी. 20 फूट लांब, 10 उंच, 2 जाड होती असं बाबा म्हणतात. 400 घनफूट म्हणजे चार ब्रास माती, बिनपैशाची, परसात. मी मात्र मुरमासाठी डोंगरपायथ्याच्या ट्रॅक्टरवाल्याला फोन करत होतो. आमच्या भागात खोदलं तरी मुरूम लागत नाही, वाहतुकीचेच पैसे जास्त.

ओळंबा | 14 मे, दुपारी 4.30

उंबरठा ताईंनी माझी विकेट काढली. पांढरीबद्दल शंभर टक्के सहमत. फुगणाऱ्या काळीवर न फुगणाऱ्या मातीचा थर द्यायचा, हे तत्त्व आम्ही कालव्यांच्या अस्तराखाली वापरायचो. आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींचं त्यावरचं संशोधन प्रसिद्ध आहे. तिथे थर बराच जाड लागतो. अंगणाला 4 इंच दिलात तर खालची माती फुगायची थांबणार नाही, पण पायाला आणि चाकाला काळी लागणार नाही, आणि पाणी वरून सरकेल.

हिशोब: 2000 चौरस फूट, 4 इंच, म्हणजे साधारण 667 घनफूट. दाबून. सैल माती आठ-नऊ ब्रास धरा. चार तुमची पांढरी, बाकीचा मुरूम. एकदम ओतू नका, दोन थरांत करा, प्रत्येक थर ओला करून दाबा. मुरूम घेताना परवानगीची पावती मागा, तो गौण खनिजात येतो, रस्त्यात गाडी अडली तर तुमचाच खोळंबा.

बांधीतला | 15 मे, सकाळी 7.20

साकोलीकडून, झाडीपट्टीवाला. आमच्याकडे उलटी गंमत आहे, आम्हाला बांधी खरंच सपाट लागते, धानात पाणी सगळीकडे सारखं उभं राहावं म्हणून. चिखलणी झाली की फळी फिरवतो आणि पाणीच सांगतं कुठे उंच, कुठे खोल. रोवणीच्या आधी दिसलेला उंचवटा दहा मिनिटांत जातो. तुम्हाला पाणी उभं करून चालणार नाही, म्हणून तुमचं काम आमच्यापेक्षा अवघड.

रोलरबद्दल माझा मूर्खपणा सांगतो. 200 लिटरचा ड्रम, मधून पाईप, आणि आत काँक्रीट ओतलं. आधी गुणाकार केला नाही. काँक्रीट घनमीटरला 2400 किलो, म्हणजे माझा ड्रम 480 किलो, वर पाईप आणि पत्रा. चार माणसांनी ढकलला, इंचभर हलला, उतारावर लागला असता तर कोठा घेऊन गेला असता. आता तो उभा करून त्यावर तुळस आहे. गावात त्याला माझ्या नावाने ओळखतात.

तेव्हा ड्रम भरायचाच तर पाण्याने, दोनशे किलो पुरे, काम झालं की ओतून द्या. वाळू भरू नका, ती आत एका बाजूला बसते आणि रोलर लंगडतो. फुटभर व्यासाचा, तीन फूट लांबीचा सिमेंटचा पाईप कुठे मिळाला तर काँक्रीट भरून तो दीडशे किलोच्या आसपास होतो, दोन माणसांना ओढता येतो.

धुऱ्यावरचा बाभूळ | 15 मे, सकाळी 7.45

तुळशीले बुड मजबूत भेटलं बाप्पा.

आमी खळं करत होतो तवा रोलर कोठी होता? आदल्या दिवशी पाणी मारायचं, दुसऱ्या दिवशी वाफसा आला का कुटार पसरायचं अन् बैलं गोल फिरवायचे. मंग धुम्मसानं ठोकायचं. मंग शेणाचा काला. हातभर भेग पडत नव्हती दिवाळीपासून होळीलोक. आता खळे गेले, थ्रेशर आले, ताडपत्र्या आल्या.

वाफसा पाह्यजो पण. कोरड्या काळीवर पाटा नुसता नाचते. ओल्यावर चिकटते. मुठीत दाबली तं गोळा झाला पायजे अन् खाली टाकला तं फुटला पायजे.

मेहकर ते पुणे | 15 मे, सकाळी 9.10

या धाग्याची वाचनखूण साठवली. माझ्याकडे अंगण नाही, बाल्कनी आहे. तरीही.

खारपाण | 24 मे, रात्री 9.00

पाटा झाला. सविस्तर लिहितो, कोणाला करायचा असेल तर उपयोगी पडेल.

कबाडीकडे जुन्या ट्रॉलीच्या चेसिसची दोन तीन-इंची चॅनल मिळाली. कापून दोन्ही 8 फूट केली. या दोन लांब पट्ट्या, जमिनीवर घसरणाऱ्या. दोघींत तीन फूट अंतर. पुढचं टोक बोटभर वर वाकवलं, नाहीतर ते जमिनीत रुतून बसतं. हे पहिल्याच फेरीत कळलं, मग परत लोहाराकडे.

मध्ये पलंगाचेच अँगल आडवे टाकून सांगाडा बांधला. पाती दोन. पुढचं, सांगाड्याच्या साधारण एक तृतीयांशावर, तिरपं बसवलं. सरळ आडवं ठेवलं तर माती समोर ढीग होऊन थबकते आणि बैल उभे राहतात. तिरप्या पात्यावरून ती एका बाजूला सरकत राहते, आणि त्या बाजूच्या टोकाला चार इंचांची फट सोडली, जास्तीची माती तिथून मागे पडते. मागचं पातं सरळ, फिरवलेलं पसरायला.

पात्यांना पासाच वापरल्या, काकांचं ऐकून. तिरप्या पात्यालाही तीन फूट पुरतात, कारण टोकाला फट सोडायचीच होती. पुढची पट्ट्यांच्या तळापेक्षा अर्धा इंच खाली, मागची तळाशी समतल. बोल्टची भोकं लांबट केली म्हणजे खालीवर करता येतात. सुरुवातीला उत्साहात पुढची एक इंच खाली केली होती, बैलांनी मान टाकली. साडेतीनशे किलोच्या दोन बैलांची दिवसभराची ओढ सत्तर-ऐंशी किलोच्या आसपास धरतात, आणि पाटा नुसताच 65 किलो भरला, पुढची माती वेगळी. अर्धा इंचच बरा, फेऱ्या जास्त.

साखळी. हे कोणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहितो. आधी तीन फुटांची होती. जोखड उंच, पाटा जमिनीवर, साखळी आखूड असली की ओढ वरच्या दिशेने लागते आणि पाट्याचं तोंड उचललं जातं. दहा फुटांचा दोर केला तर तोंड बसलं. तोच पाटा, तीच पाती, नुसत्या दोराच्या लांबीने कापणी बदलली. मला तर हे पात्यापेक्षा मोठं वाटलं.

अंगणात आडवा आणि उभा, दोन्हीकडून फिरवला, मग कर्णावर. नालीकडचा गाळ आधी फावड्याने काढला, तिथं पाटा नको. निंबाच्या बुंध्याभोवती चार फूट काहीच भरलं नाही, खोडाला माती लावली की झाड सडतं म्हणतात, आणि सावली गेली तर अंगण करून उपयोग काय.

खर्च: चॅनल 34 किलो कबाडाच्या भावाने, बोल्ट, लोहाराची मजुरी, मिळून दोन हजारांच्या आत. मुरमाच्या चार ट्रॉल्या वेगळ्या. रोलर केला नाही, बाबांनी धुम्मस काढला आणि आठ दिवस रोज तासभर कुटला, कोणाला हात लावू दिला नाही.

ठिणगी | 24 मे, रात्री 9.40

दोराचं एकदम बरोबर. मी पाटे बनवून विकले आहेत, गिऱ्हाईक पात्याला नावं ठेवतं आणि साखळी आखूड असते.

एक सांगायचं राहिलं. वजन हवं तर दगड बांधा, पोरं बसवू नका. बैलांमागे हळू चालतं तोवर ठीक, पण उद्या कोणी ट्रॅक्टरला लावेल आणि पोरगं घसरून पात्याखाली येईल.

खारपाण | 24 मे, रात्री 9.52

खरंय. पुतण्या पहिल्याच दिवशी चढून बसला होता. बाबांच्या लहानपणी सगळेच बसायचे म्हणे. उतरवला.

उंबरठा | 25 मे, सकाळी 11.00

घागर ओतली का?

खारपाण | 25 मे, सकाळी 11.20

ओतली. आईनेच ओतली. एक गोल निघाला, कोठ्याच्या दाराशी, परातीएवढा. भरला. न्हाणीचं पाणी परसात वळवलं, चार केळी लावल्या आहेत.

बांधीतला | 26 जून, रात्री 8.30

भाऊ, पाऊस झाला का तिकडे? निकाल सांगा ना.

खारपाण | 9 जुलै, रात्री 10.05

उशीर झाला, पेरणीत होतो. मिरग कोरडाच गेला. परवा रात्री मात्र तासभर धो धो पडला. आम्ही सगळे कंदील-बॅटऱ्या घेऊन ओट्यावर.

ओट्यालगत थेंब थांबला नाही. निंबाजवळ थोडं साचलं, पाऊस थांबल्यावर वीस मिनिटांत गेलं. नालीच्या काठाला दोन ठिकाणी थर वाहिला, तिथं उतार जरा जास्तच पडलाय, ओळंबा साहेब म्हणाले होते तसंच. तिथं विटांचे रोडे बसवतोय. आणि फाटकात, जिथं ट्रॅक्टर वळतो, तिथं पुन्हा चाकोरी पडली. ते दरवर्षी करावं लागणार असं दिसतं.

नालीचं एक वेगळंच झालं. ग्रामपंचायतीची माणसं उपसायला आली तेव्हा आईने गाळ काठावर टाकू दिला नाही, घमेलं धरून उभी राहिली. दोन दिवस बोलाचाली झाली. शेवटी ट्रॉलीत नेला.

आणि पलीकडचे शेजारी सकाळी आले. पाणी आता नालीत जातंय, त्यामुळे त्यांच्या कोठ्यात येत नाही, म्हणून बोलायला आलेत असं वाटलं. तसं काही बोलले नाहीत. पाटा कोपऱ्यात उभा होता, त्याला पायाने हलवून बघितलं, वजनाला किती म्हणून विचारलं, आणि म्हणाले, "पेरणी झाली का रविवारी नेतो. बैल माझे आहेत."

मी दोर काढून ठेवलाय. त्यांच्याकडचा आखूड आहे.

धुऱ्यावरचा बाभूळ | 10 जुलै, पहाटे 5.10

दोर देजो, पण वापस घेजो.